मे महिन्यातली बाळंतीण आणि बंद खोली

पत्र

सिस्टरबाई, नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ५४. माझी लेक अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आली ती बाळंतपणासाठी माहेरीच राहिली. ग्रामीण रुग्णालयात साधं बाळंतपण झालं, मुलगी झाली, वजन २ किलो ३०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी घरी आणली. आज अकरावा दिवस. आमच्या रीतीप्रमाणे मी सगळं करते. मागच्या पत्र्याच्या खोलीत दोघींना ठेवलं आहे, खिडकी लावून, डोक्याला-कानाला फडकं बांधून. सकाळ-संध्याकाळ बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. पाणी दिवसाला दोन-तीन पेले, कारण माझी माय सांगायची, ‘पानी दिधं ते पोट सुटस’. बाळीला सकाळी गुटी आणि मधाचं बोट. अंग पिवळं दिसतं म्हणून अंगणात ऊन दाखवते. सातव्या दिवशी आशाताईने वजन केलं तर २ किलो १५० भरलं. काल दुपारी बाळीचं अंग चटका बसावा तसं तापलं. नर्सबाई आल्या, त्यांनी खिडकी उघडली, शेगडी बाहेर काढली आणि शेजारणींसमोर मला म्हणाल्या, ‘मारायचं आहे का पोरीला?’ मी स्वतःची तीन आणि दोन सुनांची बाळंतपणं काढली आहेत. त्या रात्री मी जेवले नाही. लेक दिवसभर मुसमुसते. मुलगी झाली म्हणून जावयाकडचं कुणी अजून बघायला आलं नाही. काय ठेवू, काय सोडू? रागावू नका, समजावून सांगा.

उत्तर

ताई,

तुमच्या भाच्याने टाइप करून पाठवलेलं पत्र वाचताना अंग तापल्याच्या ओळीपाशी मी थांबले आणि पुढचं वाचायच्या आधी त्याच नंबरवर फोन लावला. त्याच संध्याकाळी तुम्ही बाळीला दवाखान्यात नेलंत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जंतुसंसर्ग दिसत नाही, कावीळ उपचार लागण्याइतकी नाही, असं सांगितलं. ते ऐकून मला हायसं वाटलं. फोनवर घाईत बोलणं झालं. आता निवांत लिहिते, कारण तुमच्यासारख्या आज्या पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत घरोघरी आहेत आणि या दिवसांत त्यांच्याही घरात एक खोली बंद असणार.

आधी त्या वाक्याबद्दल. नर्सबाईंनी जे केलं ते बरोबर होतं, जे बोलल्या ते चूक होतं. मी ३३ वर्षं या नोकरीत काढली. उपकेंद्राच्या नर्सकडे पाच हजारांची वस्ती असते, सातपुड्याच्या बाजूला तीन हजारांची, आणि ती सकाळपासून उन्हात फिरलेली असते. तरीही बाळंतिणीच्या आईला चारचौघींत असं बोलू नये. तरुणपणी मीही एका घरी असंच बोलले होते. पुढच्या खेपेला त्या घरच्या सुनेचं बाळंतपण मला न कळवता उरकलं गेलं, आणि त्या बाळाला धाप लागली तेव्हाही मला कुणी बोलावलं नाही. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. म्हणून माझ्या सगळ्या सहकारी बहिणींच्या वतीने तुमची माफी मागते. मात्र त्या नर्सबाईंना घराचं दार बंद करू नका.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या मनात खोट नव्हती. तुमच्या मायने शिकवलेली रीत थंडीची आहे. आपल्याकडे धुळ्यात जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो. त्या दिवसांत वारा अडवणं, कान बांधणं, बाळाला उबेत ठेवणं याने बाळं जगली असतील. पण आता मे चालू आहे, बाहेर ४४ आहे, आणि पत्र्याच्या बंद खोलीत शेगडी. रीत वर्षभर तीच राहते, बाळाचं अंग मात्र हवेबरोबर बदलतं. म्हणून काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे पंचांगात किंवा आठवणीत शोधू नका. बाळाच्या अंगावर हात ठेवून ठरवा.

हात ठेवायचा कसा, ते सांगते. प्रसूतिगृहात आम्ही नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो. हात धुऊन कोरडे करा. हाताची पाठ, म्हणजे मागची बाजू, आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पोट कोमट आणि पायही कोमट, तर बाळ मजेत आहे. पोट कोमट पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, कपडा वाढवा, छातीशी घ्या. पोट आणि पाय दोन्ही गार, तर दवाखाना, आणि जातानाही बाळ उघड्या छातीशी धरून. पोट आणि पाय दोन्ही गरम लागले, चेहरा लाल दिसला, बाळ किरकिर करून मग मलूल झालं, तर त्याला उकडतं आहे किंवा ताप आहे. या दोन्हींतला फरक नुसत्या हाताला कळत नाही, म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. काखेत लावून ३६.५ ते ३७.५ सेल्सिअसच्या मध्ये आकडा हवा. ३७.५ किंवा त्यावर गेला तर आधी दुपटी काढा, गार खोलीत न्या, अंगावर पाजा आणि अर्ध्या तासाने परत मोजा. तरी उतरला नाही, किंवा बाळ ओढून पीत नाही, तर तसेच उठा. तुमची बाळी अडीच किलोच्या आतली आहे. तिच्या बाबतीत ताप उतरला तरी त्याच दिवशी दाखवायचं. घरात तापाचे थेंब पाजत बसायचं नाही, थंड पाण्याने पुसायचं नाही.

खोली आजच बदला. फोनवर तुम्ही म्हणालात की पुढचं घर धाब्याचं आहे. अहो, मातीच्या धाब्याखाली मे महिन्यात जो गारवा असतो तो पत्र्याखाली कसा मिळणार? दोघींची बाज तिकडे हलवा. खिडकी उघडी ठेवा, तिच्यावर ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा सोडा. कूलर चालतो, फक्त झोत सरळ बाळावर नको. बाळीला एक पातळ सुती झबलं आणि लंगोट पुरे. टोपडं पहाटे गारवा असेल तेव्हा घाला, दुपारी काढा. आणि शेगडी घरातच नको. बंद खोलीतले निखारे जो वायू सोडतात त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेलं माणूस त्यात झोपेतच जाऊ शकतं. याच कारणाने धुरीही नको. लेकीची कंबर दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं तिलाच द्या, बाळीच्या अंथरुणात ती पिशवी कधी ठेवू नका. भाजलेली बाळं मी पाहिली आहेत.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

माझं पहिलं बाळंतपण एप्रिलमधलं. मी स्वतः नर्स, तरी माहेरी माझं काही चाललं नाही. माठ ओसरीवर, आणि मी आतल्या खोलीत. जीभ टाळूला चिकटायची. लघवी दिवसातून दोनदा, तीही जळजळत आणि हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. तिसऱ्या रात्री उंबऱ्यापाशी तांब्या-भांडं दिसलं. दुसऱ्या रात्री परत. माझे वडील आईला न दुखवता ते ठेवून जात होते. त्यावर ते आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही.

ताई, पोट सुटतं ते पाण्याने नाही. नऊ महिने फुगलेली गर्भपिशवी बाळंतपणानंतर किलोभर वजनाची असते आणि बेंबीपाशी लागते. मग ती रोज साधारण एक बोट खाली सरकते. दहा ते चौदा दिवसांत ती ओटीपोटाच्या हाडाआड जाते आणि वरून हाताला लागेनाशी होते. सव्वा-दीड महिन्यात ती शंभर ग्रॅमच्याही आत येते. लेकीचं पोट आज जे सैल दिसतं ते सैल पडलेल्या स्नायूंचं आहे. त्यांना वेळ लागतो, पुढे व्यायाम लागतो. पाणी तोडल्याने गर्भपिशवी लवकर आत जात नाही. उलट बाळ अंगावर प्यायलं की ती आवळते. पाजताना ओटीपोटात कळ येते ती त्याचीच.

पाणी तोडलं की काय होतं, तेही सांगते. लघवीला जंतू धरतात. डिंकाचे लाडू पोटात, वर पाणी नाही, मग शौचाला खडा होतो आणि टाक्यांवर जोर येतो. दिवसभर पडून राहणं आणि आटलेलं अंग, यात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते. एका पोटरीला सूज आणि दुखरेपणा आला तर ते चालण्याने अवघडलं असं समजू नका, त्याच दिवशी दाखवा. या उन्हात पाजणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढं पाणी हवं. सोपा हिशेब असा की प्रत्येक वेळी पाजायला बसली की हाताशी एक तांब्या, आणि लघवी फिकी होईपर्यंत पीत राहायचं. पाणी उकळून गार केलेलं असेल तर उत्तमच. बाळंतिणीला उकळलेलं पाणी द्यायची रीत मी डोळे झाकून ठेवीन. ताकही द्या, वरणाचं पाणीही द्या.

जेवणाचं तेच. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मुगाचं वरण, मेथी, शेपू, दूध, अंडं खात असाल तर अंडं. हळीव, बाळंतशेपा, ओवा खुशाल राहू द्या. डिंकाचा लाडू या गरमीत दिवसाला एक पुरे. रावेर-यावलकडे मी एक गोष्ट कायम पाहिली, दारासमोर केळीचे घड भरलेले ट्रक उभे आणि आत बाळंतिणीला केळं वर्ज्य, का तर बाळाला सर्दी होईल. आईने केळं खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही. रोज एक द्या, शौचाला साफ होईल. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या १८० दिवस आणि कॅल्शियमच्याही तेवढेच दिवस घ्यायच्या, दोन्ही एकदम नाही, मध्ये काही तास जाऊ द्या. ज्यांच्या घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे त्यांनी लोहाचं डॉक्टरांना विचारून करावं.

आता बाळी. तिचं वजन १५० ग्रॅमने उतरलं याने घाबरू नका. पहिल्या आठवड्यात जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट होते, तुमच्या बाळीची साडेसहा टक्के आहे. मात्र दोन आठवड्यांच्या सुमाराला ते वजन भरून यायला हवं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅम वाढ दिसायला हवी. परवा चौदावा दिवस आहे. आशाताई त्या दिवशी यायच्याच असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी त्यांच्या भेटी ठरलेल्या आहेत. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून निघाली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची घरची काळजी शिकवली, आणि त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आलं, २०११ साली देशभर आशांच्या भेटी सुरू झाल्या. हे मुद्दाम सांगते, कारण ती करामत घरात राहणाऱ्या साध्या बायांची होती, तुमच्या-माझ्यासारख्या.

वजन भरायचं तर गुटी थांबवा. मला ठाऊक आहे, सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ उगाळण्यात आजीचा जीव असतो. पण कमी वजनाचं बाळ मुळात झोपाळू असतं. त्यात जायफळाने आणखी गुंगी आली की ते चार तास झोपतं. तुम्हाला वाटतं शांत झोपलं, आणि त्याची दोन वेळची दुधं बुडालेली असतात. सहाण कितीही धुवा, त्यावर जंतू राहतात. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. त्यात कधीकधी असे जंतूंचे बीजाणू असतात की बाळाचे स्नायू लुळे पडतात. वरचं पाणीही नको, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. पहिले सहा महिने नुसतं अंगावरचं.

ते दर दोन तासांनी, रात्रीही, झोपली असेल तर तळपाय चोळून उठवून. लेक पाजायला बसली की तुम्ही समोर बसून चार गोष्टी बघा. बाळीचं तोंड मोठं उघडलं आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी, असं आहे का. नुसतं बोंड तोंडात असेल तर दूध येत नाही आणि लेकीला चिरा पडतात. अशा वेळी ओढून सोडवू नका, करंगळी तोंडाच्या कडेने आत घालून सोडवा आणि परत लावा. नीट लागलं की आधी भराभर चोखणं, मग सावकाश, आणि मध्ये ‘कक् कक्’ असा गिळल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकायला शिकलात की दूध येतंय की नाही हा प्रश्नच उरत नाही. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट लघवीने भिजायला हवा. ओढायला दमली तर दूध वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, भांडं दर वेळी धुऊन उकळून. बाटली नको.

आणि एक काम खास तुमच्यासाठी आहे. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांच्याकडे कमी वजनाच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली, आणि ती तिथे वाढली. याला कांगारू पद्धत म्हणतात, आता जगभर तीच सांगतात. बाळीला फक्त लंगोट, लेकीची छाती उघडी, दोघींची कातडी एकमेकींना लागेल अशी बाळी उभी धरायची, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि वरून मऊ जुनं लुगडं बांधायचं. एका बैठकीला तासभर तरी. या दिवसांत पहाटे आणि रात्री जास्त वेळ करा, दुपारी लुगडं पातळ ठेवा. लेक दमली की तुम्ही घ्या. आजीची छातीही तितकीच चालते. तुम्ही इतकी वर्षं शेगडीकडून जी ऊब मागत होता ती याने मिळते, भाजण्याची भीती नाही, आणि ती बाळाच्या अंगाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होते.

पिवळेपणाचं. बाळाला ऊन दाखवण्यात तुम्ही एकट्या नाही, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या दवाखान्यात सिस्टर जीन वॉर्ड नावाच्या परिचारिकेने डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. उन्हात राहिलेलं अंग फिकं आणि झाकलेला भाग पिवळाच. त्या एका नर्सच्या नजरेतून पुढे आजची निळ्या लाइटची पेटी आली. पण ती पेटी मोजून प्रकाश देते. खानदेशातलं मे महिन्याचं ऊन सकाळी आठलाही बाळाचं पाणी आटवतं, आणि पाणी आटलं की कावीळ वाढते. म्हणून अंगणातलं ऊन बंद. त्याऐवजी रोज दिवसाच्या उजेडात बाळीच्या कपाळावर, छातीवर, मग तळहात-तळपायावर बोट दाबून सोडा आणि खालची कातडी पिवळी दिसते का बघा. तळहात-तळपाय पिवळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा टिकला तर दाखवा. शी पांढुरकी मातकट आणि लघवी डाग पडण्याइतकी पिवळी असेल तर एक दिवसही थांबू नका. हाडांसाठी ऊन हवं असं कुणी म्हणालं तर डॉक्टरांना ‘डी’ जीवनसत्त्वाच्या थेंबांबद्दल विचारा.

मुलगी आहे म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत तिची छाती सुजल्यासारखी लागते, कधी दुधासारखा थेंब येतो. लघवीच्या जागी पांढरं किंवा रक्ताचा एखादा ठिपकाही दिसतो. हे आईच्या अंगातून आलेलं असतं, आपोआप जातं. शेजारीण म्हणेल ‘दाबून काढ’, तर तिला हात लावू देऊ नका, पू धरतो. बेंबीला राख, हळद, तेल काही नाही, कोरडी ठेवायची. काजळ डोळ्यात नको. पोट फुगलं म्हणून पोटाला डाग देणाऱ्याकडे तर कुणीही, कधीही नेऊ नका.

सोडायचं खूप सांगितलं. आता ठेवायचं. लेकीला माहेरी सव्वा महिना विसावा, हे ठेवा. एवढी चांगली गोष्ट आपल्या रीतीत आहे की शहरातल्या मुली त्यासाठी तरसतात. फक्त विसावा म्हणजे बाजेवर खिळणं नव्हे, घरातल्या घरात चालू द्या. आल्या-गेल्याला खोलीत न येऊ देणं, हेही ठेवा, आणि येईल त्याला आधी साबणाने हात धुवायला लावा. जुन्या धोतराची मऊ दुपटी ठेवा. खोबरेल तेलाचं चोळणं ठेवा, हलक्या हाताने, पाजल्यावर लगेच नाही, नाका-कानात तेल नाही, टाळूवर दाब नाही. वजन वाढेपर्यंत रोजची आंघोळ नको, कोमट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. बारसं करा, गाणी म्हणा. बाळाला आजीचा आवाज ओळखीचा होतो.

लेकीच्या रडण्याकडे मात्र सगळ्यांत जास्त लक्ष द्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडणं बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. पण तिच्या बाबतीत सासरकडून कुणी आलेलं नाही, खोली बंद, घशाला कोरड, अंगात झोप नाही. एवढ्यावर कुणीही रडेल. तिला ‘रडू नको, दूध आटेल’ म्हणू नका. दोन पाजण्यांच्या मध्ये बाळीला तुमच्याकडे घ्या आणि लेकीला सलग झोपू द्या. ‘मुलगी झाली तरी काय हरकत’ असली वाक्यं घरात कुणालाही बोलू देऊ नका, त्यातला ‘तरी’ तिला बरोबर ऐकू येतो. तुमच्या मालकांना सांगा, जावयाला फोन करून नुसतं म्हणा, ‘लेक तुमची वाट बघते, या.’ भांडण नको, टोमणा नको. आणि त्याला एकदा बाळी उघड्या छातीशी धरायला द्या. दोन आठवड्यांनंतरही रडणं थांबलं नाही, बाळ झोपल्यावरही तिला झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलली, तर हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. दवाखान्यात सांगा, किंवा टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर कधीही फोन करा, मराठीत बोलतात.

काही गोष्टी दिसल्या तर मला लिहायचं नाही, शेजारी विचारायचं नाही, गाडी बोलवायची. बाळी प्यायची थांबली, हलवल्याशिवाय हलत नाही, झटका आला, छाती आत ओढली जाते, किंवा शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास मोजले. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, पोट वर गेलं की एक. लेकीचं अंगावरून इतकं जातं की तासाभरात घडी भिजते, घाण वास येतो, थंडी वाजून ताप येतो, स्तन लाल-टणक होऊन दुखतो. आणि डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते, ते बाळंतपण झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंतही झटक्याचं लक्षण असू शकतं. तातडीला १०८. दवाखान्यात नेण्या-आणण्याला १०२ ची गाडी फुकट आहे. सरकारी दवाखान्यात बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याच्या आजारपणाला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं नाव घ्या. पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये असतात, तो अर्ज आशाताईंकडून भरून घ्या. दीड महिन्याच्या लसी चुकवू नका.

परवा आशाताई वजनाला आल्या की झबलं काढून वजन करायला सांगा, म्हणजे कपड्याचे ग्रॅम मोजले जाणार नाहीत. २ किलो ३०० च्या जवळ आलं तर चालू आहे ते चालू द्या. २ किलो २०० च्या आतच राहिलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या वेळी नर्सबाईही आल्या तर त्यांना माठातलं पाणी द्या आणि हे सगळं त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, कांगारूचं बांधणंसुद्धा. आकडा काय भरला ते भाच्याकडून मला कळवा. आणि त्या मेसेजमध्ये दोन ओळी लेकीच्या हातच्या असू द्या, तिला काय हवंय ते तिनेच लिहू दे.

तुमची सिस्टर